ही कमांड नक्की कोण ऐकणार? हर्क्युलिस, मेनफ्रेमचा कन्सोल आणि माझी एक चूक



दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. पुण्यात नोकरी लागली होती, पण चेहरा काही खुललेला दिसेना. विचारलं तर म्हणाली, "सर, सगळ्यांना जावा, पायथॉन मिळालं. मला मेनफ्रेम दिलंय. ते कसलं असतं तेच माहीत नाही. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, आणि काही केलं की तो मलाच उलट प्रश्न विचारतो."

खरं सांगायचं तर मलाही फारसं माहीत नव्हतं. पण आपण शिक्षक माणसं, 'माहीत नाही' म्हणून पेढा कसा खाणार? त्या सुट्टीत आम्ही दोघांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक आख्खा मेनफ्रेम उभा केला. ती पुण्याला परत गेली आणि मी तोच संच घेऊन आमच्या सटाण्यात रविवारी अकरावीच्या आणि बी.सी.एस.च्या पाच-सहा मुलांना शिकवायला लागलो.

आजच्या पाठात मेनफ्रेम एम्युलेटरच्या कन्सोलवरच्या कमांड कशा मांडून ठेवायच्या ते पाहू. त्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची शिक्षा एका मुलीने भोगली. तेही सांगणार आहे, कारण ही चूक संगणक न शिकवणारा शिक्षकही करू शकतो.

एक सूचना आधीच. सगळ्या कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायच्या.

१. मेनफ्रेम आणि एम्युलेटर, थोडक्यात

मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे लाखो व्यवहार एकाच वेळी सांभाळणारा मोठा संगणक. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टीम ३६०' हे घराणं जाहीर केलं. १९७० मध्ये त्याचा पुढचा वारस 'सिस्टीम ३७०' आला. आजची आयबीएमची 'झेड' मालिका याच घराण्यातली आहे.

असं यंत्र आपल्याला परवडणार नाही. पण यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम परवडतो, कारण तो फुकट आहे. त्याला एम्युलेटर म्हणतात. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये 'हर्क्युलिस' नावाचा एम्युलेटर लोकांसमोर ठेवला. विंडोज, लिनक्स, मॅक, अगदी रास्पबेरी पायवरसुद्धा तो चालतो. मेनफ्रेमसाठी लिहिलेली प्रणाली त्याच्यावर चढवली की ती बिचारी समजते, आपण खऱ्याच यंत्रावर आहोत!

त्यावर चालवायची प्रणाली आम्ही घेतली 'एमव्हीएस ३.८जे'. ही आयबीएमची जुनी प्रणाली शिकण्यासाठी खुलेपणाने वापरता येते. ती बांधून-जुळवून तयार केलेले संचही मिळतात. फोल्कर बांडके यांनी असा पहिला 'टर्नकी' संच तयार केला, पुढे युर्गन विंकेलमान यांचा 'टीके४ मायनस' आणि रॉब प्रिन्स यांचा 'टीके५' आला. आजची 'झेड ओएस' प्रणाली मात्र परवान्याशिवाय वापरता येत नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. फुकट मिळतं आणि चालतं म्हणून सगळंच घ्यायचं नसतं.

मुलांना आवडणारा एक आकडा: या प्रणालीला पत्ता लिहायला २४ बिटं मिळतात. म्हणजे २ चा २४ वा घात, १,६७,७७,२१६ बाइट, अर्थात १६ एमबी. मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटो एवढ्या जागेत मावतात. तेवढ्या मेमरीत लोक बँका चालवत होते. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

२. आपल्याकडची यंत्रखोली

'हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध?' असं मुलं विचारतात. संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये आपल्याच लोकांनी उभा केला. १९६४ मध्ये तिथेच 'सीडीसी ३६००' आला. पवईच्या आयआयटीत १९७० च्या दशकात सोव्हिएत बनावटीचा 'ईसी-१०३०' होता. ही ईसी मालिका सिस्टीम ३६० च्या धर्तीवरच बनवलेली होती. म्हणजे हर्क्युलिस ज्या घराण्याची नक्कल करतो, त्याच घराण्याची भावंडं पवईत होती. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. तेव्हा मागे राहिलेली त्यांची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं.

त्या काळी अशा यंत्राजवळ सगळ्यांना जाऊ देत नसत. प्रोग्राम लिहिणारा आपल्या पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील कागदाची वाट बघत बसायचा. आत बसायचा ऑपरेटर. त्याच्यासमोर असायचा कन्सोल. यंत्र सुरू करणं, बंद करणं, अडकलेलं काम काढून टाकणं, यंत्राने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं, हे सगळं तिथून व्हायचं. आज घरच्या लॅपटॉपवर आपण एकाच वेळी प्रोग्रामरही असतो आणि ऑपरेटरही. गोंधळ होतो तो इथेच.

३. कचेरीतली टेबलं

हा गोंधळ समजावायला मी तहसील कचेरीचं उदाहरण घेतो. सटाण्याच्या मुलांना कचेरी लगेच कळते. आमचं गावच मुळी एका मामलेदारांचं. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी, म्हणजे देव मामलेदारांनी, सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आता बघा. कचेरीत काम घेऊन गेलात तर कोणत्या टेबलावर काय बोलायचं हे ठरलेलं असतं.

- इमारतीचा नकाशा: कोणत्या खोलीत काय आहे, टेबलं किती, हे ठरवणारा कागद. हर्क्युलिसमध्ये ही 'सीएनएफ' फाइल.
- वॉचमन: कुलूप उघडतो, मेन स्विच टाकतो, संध्याकाळी बंद करतो. हा स्वतः हर्क्युलिस.
- साहेब: आतला कारभार चालवतात. हे एमव्हीएस.
- आवक-जावक टेबल: आलेला प्रत्येक कागद नोंदवून रांगेत लावतं, काम झालं की निकाल परत देतं. हे 'जेईएस२'. मुलांनी दिलेले जॉब आणि त्यांचे निकाल याच्याकडच्या 'स्पूल' नावाच्या जागेत असतात.

सातबाऱ्याचा अर्ज वॉचमनच्या हातात दिला तर तो म्हणेल, "मला काय सांगताय?" आणि साहेबांना जाऊन "मेन स्विच पाडा" म्हटलं तर तेही चमकून बघतील. कन्सोलवरच्या नवशिक्यांच्या बहुतेक चुका अशाच असतात. कमांड बरोबर असते, टेबल चुकीचं असतं.

४. कोण ऐकणार हे चिन्हावरून ठरतं

हर्क्युलिसच्या खिडकीत सगळ्यात खाली कमांड टंकायची ओळ असते. तिथे पहिलं अक्षर काय टंकलं यावर कमांड कुठे जाणार ते ठरतं.

- काहीच चिन्ह नाही: कमांड हर्क्युलिसला, म्हणजे वॉचमनला. उदा. 'डेव्हलिस्ट' टंकलं की जोडलेल्या उपकरणांची यादी येते. 'क्विट' म्हटलं की एम्युलेटर बंद.
- तिरकी रेघ, म्हणजे '/': पुढचा मजकूर जोडलेल्या कन्सोलमार्फत एमव्हीएसला. उदा. '/डी ए,एल' म्हणजे आत्ता कोणती कामं चालू आहेत ते दाखव.
- '/' च्या पुढे '$': साहेबांमार्फत आवक-जावक टेबलाला. उदा. '/$डीए' म्हणजे चालू जॉब दाखव.
- टिंब, म्हणजे '.': हे पुढच्या काळातल्या प्रणालींसाठी आहे. आपला एमव्हीएस ३.८ ते ऐकत नाही. इंटरनेटवर बघून मुलं टिंब टंकतात आणि मग 'चालत नाही' म्हणतात.

आता गंमत बघा. 'स्टॉप' हा शब्द वॉचमनला सांगितला तर तो प्रोसेसरच थांबवतो, म्हणजे सगळी कचेरी जागच्या जागी थिजते. 'स्टार्ट' म्हटलं की परत हलते. तोच 'स्टॉप' साहेबांना एखाद्या कामाचं नाव घालून सांगितला तर फक्त ते काम थांबतं. शब्द तोच, ऐकणारा वेगळा. पहिल्याच रविवारी एका मुलाने घाईत '/' न लावता 'स्टॉप' टंकला आणि सगळे घाबरले. मी म्हटलं, "घाबरू नका, आता 'स्टार्ट' टंका." पुढे त्यांना हा फरक परत सांगावा लागला नाही.

५. पहिली फाइल: यंत्राचा नकाशा

सीएनएफ ही साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यातल्या शिकवण्याजोग्या ओळी एवढ्याच:

मेनसाइझ १६
न्यूमसीपीयू १
सीएनएसएलपोर्ट ३२७०
००१० ३२७०
००१एफ ३२१५-सी /
०१४८ ३३५० (पुढे डिस्कच्या फाइलचं नाव)

पहिली ओळ मेमरी सांगते, १६ एमबी. दुसरी, प्रोसेसर एक. तिसरी, बाहेरून येणाऱ्या टर्मिनलनी कोणत्या दारावर यायचं. त्यानंतर उपकरणं. प्रत्येक ओळीत आधी पत्ता, मग उपकरणाचा प्रकार. ००१० या पत्त्यावर ३२७० हे पडद्याचं टर्मिनल, ०१४८ वर ३३५० प्रकारची डिस्क.

आपल्या विषयाची ओळ आहे '००१एफ ३२१५-सी /'. ३२१५ हा मूळचा टाइपरायटरसारखा कन्सोल. 'सी' लावलं की तो हर्क्युलिसच्या खिडकीतच बसतो, आणि शेवटची तिरकी रेघ म्हणजे त्याची हाक मारायची खूण. वर जे चिन्ह आपण शिकलो, ते असं इथे ठरतं. ही ओळ नसेल तर '/' टंकून काही उपयोग नाही, कारण ऐकायला तिथे कोणीच बसवलेलं नाही.

आणि कन्सोल एकही जोडला नसेल तर? प्रणाली सुरू होताना बोलायला कोणी सापडत नाही, म्हणून ती थांबून जाते. त्या थांबण्याचा क्रमांक आहे ००७. मुलं हा क्रमांक जन्मात विसरत नाहीत, कारण तुम्हाला माहीतच आहे!

६. दुसरी फाइल: वॉचमनची रोजची यादी

रोज त्याच त्या कमांड टंकायचा कंटाळा येतो. म्हणून हर्क्युलिस सुरू होताना 'हर्क्युलिस.आरसी' नावाची फाइल शोधतो आणि तिच्यातल्या ओळी वरून खाली एकेक करून चालवतो. जणू तुम्हीच टंकताय. साधी फाइल अशी दिसेल:

# सकाळची सुरुवात
* आधी ३२७० टर्मिनल जोडा
पॉज २०
आयपीएल १४८

'#' ने सुरू होणारी ओळ म्हणजे फक्त वाचणाऱ्यासाठी टीप, पडद्यावर काही येत नाही. '*' ने सुरू होणारी टीप पडद्यावरही दिसते. 'पॉज २०' म्हणजे २० सेकंद थांब. 'आयपीएल १४८' म्हणजे १४८ पत्त्याच्या डिस्कवरून प्रणाली चढव.

टिपांचं महत्त्व मुलांना आवर्जून सांगा. प्रत्येक कमांडच्या वर ती का आहे, कोणी आणि कोणत्या तारखेला घातली, ही एक ओळ. ही सवय मी त्यांना सांगितली होती. स्वतः पाळली नव्हती. ते पुढे येतंच आहे.

७. प्रश्नाला आपोआप उत्तर

प्रणाली चढताना ती ऑपरेटरला प्रश्न विचारते. आमच्या संचात दोन प्रश्न येत. पहिला 'आयईए१०१ए', म्हणजे सुरुवातीचे काही खास पर्याय द्यायचे आहेत का. दुसरा 'एचएएसपी४२६', म्हणजे आवक-जावक टेबल कसं उघडायचं. उत्तर 'आर' ने द्यायचं: आर, मग प्रश्नाचा क्रमांक, मग स्वल्पविराम आणि उत्तर. उदा. '/आर ००,नोरेक'. 'नोरेक' म्हणजे माझ्या परवानगीसाठी थांबू नकोस, कामाला लाग.

पॉज मोजून हे उत्तर आरसी फाइलमध्ये घालायचा मोह होतो. पण जुना लॅपटॉप कधी हळू, कधी जलद. प्रश्न यायच्या आधीच उत्तर गेलं तर ते वाया जातं, किंवा भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटतं. त्यापेक्षा हर्क्युलिसचा 'हाओ' बरा, म्हणजे स्वयंचलित ऑपरेटर. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कोणता मजकूर दिसला की, आणि मग काय करायचं.

हाओ टीजीटी एचएएसपी४२६
हाओ सीएमडी /आर ००,नोरेक

'हाओ लिस्ट' म्हटलं की सगळे नियम दिसतात, 'हाओ डेल' आणि क्रमांक दिला की नियम जातो. नियमाने दिलेल्या कमांडमध्येच नियमाचा शोधायचा मजकूर असेल तर स्वतःचीच शेपटी पकडणारं कुत्रं तयार होईल, हेही मुलांना दाखवून द्या.

याशिवाय तिसरी जागाही आहे, एमव्हीएसच्या आत. तिथे 'कॉमंड००' नावाच्या सदस्यात लिहिलेल्या कमांड प्रणाली उभी राहताच साहेब स्वतःच स्वतःला देतात, उदा. कॉम='एस टीएसओ'. म्हणजे वॉचमनची यादी वेगळी, साहेबांची वेगळी. एकच काम दोन्ही याद्यांत लिहिलं तर ते दोनदा सुरू करायचा प्रयत्न होतो. म्हणून कोणतं काम कोणत्या यादीत, हे एका कागदावर लिहून ठेवा.

८. माझी चूक

आता मूळ गोष्ट.

मध्यंतरी मी स्पूलची डिस्क नव्याने बसवली. अशा वेळी आवक-जावक टेबल एकदा कोरं करून उघडावं लागतं. एचएएसपी४२६ च्या प्रश्नाला 'कोल्ड' असं उत्तर द्यायचं. कोल्ड म्हणजे जुन्या नोंदी, रांगेतले जॉब, निकाल, सगळं पुसून नवी वही. एरवी द्यायचं 'वॉर्म', म्हणजे काल जिथे थांबलो तिथून पुढे.

त्या दिवशी दोन-तीनदा सुरू-बंद करायचं होतं. हात दुखले, म्हणून हाओच्या नियमातच मी 'कोल्ड,नोरेक' लिहून टाकलं. काम झालं. लॅपटॉप बंद केला. नियम तसाच राहिला. वर टीपही नव्हती.

पुढच्या रविवारी अकरावीतल्या एका मुलीने पहिल्यांदाच स्वतः लिहिलेला कोबोलचा प्रोग्राम चालवला. घरच्या कांद्याच्या गोण्यांचा हिशेब होता: गोण्या, वजन, भाव, एकूण. तिचा निकाल मी स्पूलमध्ये राखून ठेवायला सांगितला. पुढच्या वेळी सगळ्यांसमोर छापून दाखवायचा होता. आठवड्याने बघतो तर निकाल नाही. मी म्हणालो, "जॉब नीट दिला नव्हतास. जेसीएल परत लिही." तिने निमूट परत लिहिलं. चाललं. पुढच्या आठवड्याला परत गायब. या वेळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?"

तिसऱ्या रविवारी ती आली नाही. मैत्रिणीबरोबर निरोप आला, "सरांना सांग, मला हे जमणार नाही."

त्या संध्याकाळी मी हर्क्युलिसची नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, उघडली. ती आधीच उघडायला हवी होती. प्रत्येक सुरुवातीला तीच ओळ: आर ००,कोल्ड,नोरेक. तारखा बघत गेलो. मुलगी दर आठवड्याला बरोबर जॉब देत होती आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताच माझा नियम तो पुसत होता. तिचा प्रोग्राम डिस्कवर शाबूत होता. गेला होता तो निकाल, आणि त्याच्याबरोबर तिचा विश्वास.

मी तिच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. त्यांच्यासमोर लॉगचा छापील कागद तिला दाखवला आणि म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. तुझं तिन्ही वेळा बरोबर होतं." जेसीएल तिने दोनदाच लिहिलं होतं. ती म्हणाली, "दोनदाच, सर." हिशेबाला पक्की मुलगी! वडील हसले, मग ती हसली. पुढच्या रविवारी ती आली. नियमातला 'कोल्ड' तिनेच काढला, 'वॉर्म' लिहिला, आणि वर टीप घातली: का, कोणी, तारीख.

शिक्षक मित्रांनो, यात संगणकाचा दोष काहीच नव्हता. एका दिवसापुरती योग्य असलेली आज्ञा मी कायमची करून ठेवली आणि विसरलो. परिणाम दिसले तेव्हा फाइल तपासली नाही, मुलीला तपासलं. आपल्या वर्गातही असे 'कोल्ड' नियम असतात. कधीतरी एखाद्या कारणाने 'हा शेवटच्या बाकावर बसेल' असं ठरवतो, कारण संपतं आणि नियम चालूच राहतो.

९. लॅबमध्ये हे नक्की करा

- हर्क्युलिसमधून 'एसएच' कमांडने मूळ संगणकावरच्या कमांडही चालवता येतात. शाळेच्या लॅबमध्ये हे बंद ठेवा. सीएनएफमध्ये 'एसएचसीएमडीऑप्ट डिसेबल' ही ओळ घाला.
- ब्राउझरमधून कन्सोल दाखवायची सोय आहे. ती सुरू केली तर नाव आणि पासवर्ड लावूनच. 'नोऑथ' म्हणजे दार सताड उघडं.
- नवा नियम लिहिण्याआधी आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. काही बिघडलं तर परत जागेवर.
- लॉग फाइल पुसू नका. माझं डोळे उघडणारं तेच एक कागदपत्र होतं.

१०. बंद करण्याचा क्रम

आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सुरू करण्याआधीच मी बंद करायला शिकवतो. क्रम बाहेरच्या लोकांपासून आत असा आहे. आधी बसलेल्या सगळ्यांना उठवा, '/पी टीएसओ'. मग टर्मिनलचं जाळं बंद, '/झेड नेट,क्विक'. मग आवक-जावक टेबल, '/$पीजेईएस२'. मग साहेबांना दिवसाच्या नोंदी मिटवायला सांगा, '/झेड ईओडी'. मग '/क्वीस'. आणि सगळ्यात शेवटी वॉचमनला 'क्विट'. प्रत्येक पायरीचं उत्तर पडद्यावर आल्याशिवाय पुढची कमांड द्यायची नाही. थेट 'क्विट' म्हणजे साहेब सही करत असताना मेन स्विच पाडणं.

११. वर्गात कसं घ्याल?

पहिले दोन तास एकही फाइल लिहू देऊ नका. सगळं हाताने. प्रत्येक मुलाकडे वही, तीन रकाने: कमांड, कोणाला दिली, उत्तर काय आलं. तिसऱ्या तासाला आरसी फाइल, तीही वहीतूनच उतरवायची. चौथ्या तासाला हाओचा एकच नियम.

फाइलमध्ये कोणतीही ओळ घालण्याआधी मुलाने तीन प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची:

१. ही कमांड कोण ऐकणार?
२. त्याचं उत्तर काय यायला हवं?
३. उद्या मी इथे नसताना ती परत चालली तर काय जाईल?

तिसरा प्रश्न आमच्याकडे त्या मुलीनंतर आला.

स्वाध्याय म्हणून हे द्या: 'स्टॉप' दोन टेबलांना दिला तर काय होईल ते लिहा. २४ बिटांऐवजी ३१ बिटं मिळाली तर मेमरी किती पत्त्यांची होईल ते काढा. आणि घरात रोज आपोआप होणारी एक गोष्ट शोधा, उदा. शेतातल्या मोटरचा ऑटो स्टार्टर. तो कोणत्या दिवशी नुकसान करेल, ते पाच ओळींत लिहा. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वाचण्यासारखी असतात. एकाने लिहिलं, 'पाइप फुटला असेल त्या रात्री.'

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा काळ्या स्क्रीनसमोर बसून हिरवी अक्षरं बघतोय म्हणून 'गेम खेळतोस का?' असं लगेच विचारू नका. 'आत्ता तू कोणाशी बोलतोयस, आणि तो काय म्हणाला?' असं विचारा. त्याला उत्तर देता आलं तर तो शिकतोय. आणि काही बिघडलं तर आधी 'तू काय केलंस?' म्हणण्याऐवजी 'चल, नोंद बघू' म्हणा. माझं हे वाक्य तीन आठवडे उशिरा निघालं.

पुण्याच्या त्या विद्यार्थिनीचा मध्यंतरी फोन आला होता. म्हणाली, "सर, आता तो प्रश्न विचारतो तेव्हा बरं वाटतं. निदान विचारतो तरी." मला ते पटलं. विचारणारं यंत्र चांगलं. आपण त्याचे प्रश्न आपोआप मिटवायच्या आधी ते एकदा नीट ऐकून घ्यावेत, एवढंच.